शून्य होईपर्यंत

निशी-कसाईतल्या भावाच्या घरून आम्ही निघतच होतो. वहिनीला ऐनवेळी ताप आला आणि तिची तोबान (कामाची पाळी) माझ्या गळ्यात पडली. इथल्या जपानी शाळांकडून मुलं खेळतात तेव्हा पालकांनी आळीपाळीनं कामं करायची असतात. मी सांगलीहून आलेली पाहुणी आत्या. मला वाटलं, पाणी भरून देईन.

"आत्या, तुला घड्याळ सांभाळायचं काम दिलंय," इरा गाडीत कुजबुजली. तोझाई लाइनच्या मेट्रोत कुणी मोठ्यानं बोलत नाही, त्यामुळे मला धड घाबरताही येईना.

इरा, माझी सोळा वर्षांची भाची, लॅक्रॉस खेळते. टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा आणि गोलात मारायचा. मुलींच्या डोळ्यांवर जाळीचा चष्मा, दातांवर रबर, पण हनुवटी उघडीच. गेल्या हंगामात कुणाची तरी काठी तिथं लागून टाके पडले होते. तो व्रण दिसला की मला अजून कसंसं होतं.

इचिकावात नदीकाठच्या मैदानावर बोचरा वारा होता. मोरी-सान नावाच्या एका आईनं मला सेकंद उलटे मोजणाऱ्या घड्याळासमोर, भोंग्याच्या बटणापाशी बसवलं. पुढे असलेला संघ शेवटी चेंडू घेऊन नुसता फिरत राहतो, म्हणून या सराव सामन्यात नवा नियम करून पाहत होते. दीड मिनिटात गोलाकडे चेंडू मारला नाही, तर भोंगा वाजणार आणि चेंडू समोरच्यांना जाणार.

"झीरो. देन पुश. नॉट बिफोर," मोरी-सान हसून म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी ओनिगिरी (भाताचा त्रिकोणी मुटका) दिली. ती मी तशीच घड्याळाशेजारी ठेवून दिली.

सामना संपत आला तेव्हा आमचा एक गोल जास्त होता. कोचनी ओरडून सांगितलं, चेंडू सोडू नका. चेंडू नेमका इराकडे. काठी कानाशी धरून ती गोलामागे पळत राहिली. दोन धिप्पाड मुलींनी तिला घेरलं आणि काठीवर काठी आपटू लागली. मला फक्त तिची हनुवटी दिसत होती.

घड्याळात सहा सेकंद उरले. आत्ता दाबलं तर सगळं थांबेल, पोरगी सुटेल. चेंडू गेला तर गेला. माझं बोट बटणावर होतं आणि मोरी-सान त्या बोटाकडेच बघत होत्या. चार. तीन. एक काठी इराच्या गालाजवळून गेली. डोळे मिटायचीही सोय नव्हती, आकडे बघायचे होते.

शून्य झालं. मी दाबलं.

इरा धडधाकट होती. चेंडू मात्र तिकडे गेला, त्यांनी गोल केला आणि सामना बरोबरीत सुटला.

परतताना तिनं विचारलं, "लवकर नाही ना वाजवलास?"

"नाही गं."

"दाइजोबु (मग ठीक आहे)," म्हणत ती माझ्या खांद्यावर झोपून गेली.

वहिनी दारातच उभी होती. हाताला कणीक, ताप कुठंच नाही. आधी तिनं इराची हनुवटी बघितली. इरा आंघोळीला गेल्यावर हळूच म्हणाली, "मला ताप नव्हता. मी बसले असते तर शून्याची वाट पाहिली नसती. आणि पोरीनं मला कधी माफ केलं नसतं."

त्या सहा आकड्यांत मीही हेच शिकले होते, की आपली भीती आपल्यापाशीच ठेवायची, पोरांच्या खेळावर घालायची नाही.

सांगलीला परतल्यावर एका रविवारी वहिनीचा फोन आला. "आज घड्याळापाशी मी बसले होते. शून्यावरच दाबलं," ती म्हणाली. मागून इराच्या हसण्याचा आवाज येत होता. तरी इतके दिवस दाबून ठेवलेली भीती बाहेर पडली आणि आम्ही दोघी बराच वेळ रडत होतो.