सलामीची तबकडी

माझ्या आतोबांइतका दणदणीत माणूस सबंध ग्वाल्हेरात झाला नाही. आत्याचे हे यजमान दरबारी बँडचे मास्तर. उभा जन्म पितळी वाद्यांत गेलेला, त्यामुळे हळू बोलणं ही चुगलखोरांची सवय, असं त्यांचं ठाम मत. दाना ओलीतल्या घरात बसून ते पोळी मागत ती पार माधवगंज मोहल्ल्यात ऐकू जाई. नातीला निजवायचं तेही पलटणीच्या कूचाच्या ठेक्यावर! पोर बिचारी घाबरून डोळे मिटून घेई आणि आतोबा गरजत, "देखा? झोपली!"

संस्थान विलीन झालं, मध्यभारत की काय ते झालं, सगळ्या हपिसांच्या पाट्या बदलल्या, आतोबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण बँड मोडायचा हुकूम आला आणि माणूस हबकला. दरबारी सलामीची धून कधी कुणी कागदावर उतरवलेली नव्हती. कुण्या जुन्या मास्तराने तोंडी शिकवलेली, ती या वाजवणाऱ्यांच्याच ओठांत नि बोटांत होती. बँड पांगला की ती संपली. मग आतोबांनी मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा असा काही पिच्छा पुरवला, की तिथले एक साहेब खरोखरच यंत्र घेऊन पडाव मोहल्ल्यातल्या हॉटेलात येऊन उतरले.

एका शाळेच्या हॉलात मायक्रोफोन लागला. कोऱ्या तबकड्या मोजक्याच, आणि त्यातल्या बऱ्याच आतोबांनी ऐन रंगात "वाह पट्ठे!" ओरडून वाया घालवल्या. सलामी सगळ्यांत शेवटी वाजवायची हा रिवाज, म्हणून तिच्या वाट्याला शेवटची एकच तबकडी उरली. आतोबांनी छडी उचलली. आणि सगळा बँड खाडकन मागे वळला! सलामी म्हटली की तोंड महालाकडे. दुसरीकडे तोंड करून ती कुणी वाजवलीच नव्हती, आणि महाल होता नेमका मायक्रोफोनच्या उलट्या बाजूला. साहेब हात नाचवताहेत, पण बघतो कोण? आतोबाही वळलेले.

"मास्टरजी, माइक इधर था!" साहेब शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"और सरकार उधर!" आतोबा गरजले.

रेकॉर्ड आली तोवर बँड मोडला होता. बिगुलवाले इंदूरला पोलिसात गेले, क्लॅरिनेटवाले वरातीत वाजवू लागले. आतोबांनी अख्खी गल्ली घरी बोलावली. आधी कूच लागलं, फळीवरची भांडी थरथरली, लोक खूश. मग तबकडी उलटली आणि सलामी लागली, तर वाटावं, बँड रुसून परस्पर स्टेशनाकडे निघालाय. "मास्टर साब, सुई घिस गई क्या?" शेजारी म्हणाले. आम्ही पोट धरधरून हसलो.

आतोबा दरबारी पगडी घालून ताठ उभे होते. हळूहळू वाकत गेले आणि त्यांनी कान ग्रामोफोनच्या भोंग्याला लावला. ते बघून आमचं हसू आपोआप विरलं. फार वाईट वाटलं हो मला.

धून संपली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिला त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "ऐकू आली?"

"आली ना. सबंध आली," आत्या म्हणाली. तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं मला.

"मग वाजली म्हणायची," आतोबा म्हणाले, आणि पगडी उतरवून खाली बसले.