मोगऱ्याची मागणी आणि कल्पेशचा तक्ता

माझा नवरा कल्पेश वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल चांगलं बोलेनच असं नाही. त्याला कुणाला नाराज करता येत नाही. मिक्सर घ्यायला गेला, तर दोन दुकानदारांना 'बघून सांगतो' म्हणून हात हलवत परत आला. मी अजून पाट्यावर चटणी वाटते.

गास गावात आमची मोगऱ्याची वाडी. सासूबाई पहाटे बायका बोलावून कळ्या खुडतात, टेम्पो त्या दादरला नेतो. कधी सगळ्या खपतात, कधी अर्ध्या परत येतात. मजुरी मात्र पुरती द्यावी लागते. म्हणून फूलवाल्यांच्या सोसायटीने ठरवलं की व्यापाऱ्यांची मागणी आदल्या संध्याकाळीच मोबाइलवर यावी. कल्पेश संगणकातला, तेव्हा काम त्याच्या गळ्यात पडलं.

सासरे म्हणाले, "या हंगामात जमलं तर मोगरा ठेवू. नाय तर उपटून केळी लावू."

आता यात अवघड काय? पण व्यापाऱ्यांचा संगणक आणि आपला संगणक एकमेकांशी बोलायचे, तर काय विचारायचं आणि काय उत्तर येणार, हे आधी ठरावीक पद्धतीने लिहून ठेवावं लागतं म्हणे, आणि त्या पद्धती दोन. व्यापाऱ्यांकडचे दिवाकरकाका म्हणाले, जुनं डब्ल्यूएसडीएलच हवं, आमची यंत्रणा तेच वाचते. टेम्पोवाल्यांकडचा पापडी गावचा मेलरॉय म्हणाला, ओपनएपीआयच घे, ते जुनं आता कोण वापरतं?

दोघांनीही निवड कल्पेशवर सोपवली. झालं! याने तक्ता मांडला. याचे फायदे, त्याचे तोटे. रोज एक रकाना वाढायचा.

"अरे, मग दोन्ही लिही!" मी ओरडले.

"एकात बदल केला की दुसऱ्यात राहून जातो, रचना."

"मग एक घे!"

"दोघांचंही बरोबर आहे गं."

माझं डोकं फिरायचं. बाहेर टोपल्या परत येत होत्या, कळ्या ओट्यावर उमलून पिवळ्या पडत होत्या. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "कल्पेश, कोनतं पन घे, पन घे रे बाबा." त्याने मान हलवली आणि पुन्हा तक्ता उघडला.

हंगाम सरला. सासऱ्यांनी शब्द पाळला. ज्या दिवशी शेवटचं झुडूप निघालं, त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

केळी लागल्यावर याने ओपनएपीआय निवडलं. दिवाकरकाका दोन दिवस रुसले आणि मग त्यांनी आपली यंत्रणा त्याला जोडून दिली. एवढंच होतं ते!

परवा संध्याकाळी फोन वाजला. पहिली मागणी, आमच्याच नावावर. मोगरा, असेल तेवढा सगळा.

कल्पेश फोन घेऊन वाडीत गेला. सासूबाई केळीला पाणी लावत होत्या. त्यांनी वाचून घेतलं, पदराला हात पुसले.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "आता नाय म्हनून."

आयुष्यात पहिल्यांदा कल्पेशने कुणाला तरी लगेच उत्तर दिलं.