आमच्या वृंदावनातली रानतुळस

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. या विद्येचा घरात काडीचा उपयोग नाही. वांगं किडकं निघालं की सगळे माझ्याकडे बघतात, जणू मीच ते लावलं होतं. कढीपत्ता वाळला की नवरा म्हणतो, घरात डॉक्टर असून पेशंट गेला. पण एखाद्या झाडाबद्दल मी आपणहून काही सांगायला गेले, की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. माझं माहेर अकोल्याचं आहे, त्यामुळे झाडांमधलं मला काय कळणार, हा सासरचा आणखी एक ठेवणीतला मुद्दा.

त्या वर्षी मे महिन्यात अंगणातली तुळस वाळून गेली. माझे सासरे, म्हणजे मामाजी, वलगावच्या शेतातून बांधावरची काळी माती पोतंभर घेऊन आले आणि वृंदावन नव्यानं भरलं. शेजारच्या काकूंकडून रोप आणायचं ठरलं होतं. पण ते यायच्या आधीच आषाढात वृंदावनाच्या अगदी मधोमध एक अंकुर आपोआप वर आला. सासूबाईंनी सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं. तुळस माहेरी गेली होती ती परत आली, असं मामाजींनी जाहीर केलं आणि काकूंना रोप नको म्हणून निरोप गेला.

पंधरवड्यात माझ्या लक्षात आलं की ही तुळस नाही. दांडा चौकोनी होता, पानं समोरासमोर होती, इथपर्यंत ठीक. पण हे तर पुदिन्याच्या सगळ्याच गणगोताचं लक्षण आहे. पान तुळशीच्या मानानं फारच रुंद, बुडाशी बदामासारखं आणि हाताला केसाळ लागत होतं. चुरगाळून वास घेतला आणि उरलीसुरली शंका गेली. ती रानतुळस होती. वलगावच्या रस्त्यानं, पडीत रानात, मुरमाड बांधावर जिथं दुसरं काही जगत नाही तिथं ही छातीएवढी वाढते. मूळची अमेरिकेकडची, पण आता वऱ्हाडात असं बस्तान बसवलंय की रेशनकार्ड तेवढं मिळायचं बाकी आहे. ढोरं तिला तोंड लावत नाहीत. खाटेखाली तिच्या फांद्या टाकल्या की ढेकूण घर सोडतात, असं जुनी माणसं सांगतात. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थ सुवासिक असा होतो. ते नाव ज्यानं ठेवलं त्याला त्या दिवशी सर्दी असावी.

मी घरात सांगून पाहिलं. मामाजी म्हणाले, तुमच्या पुस्तकातली तुळस वेगळी असंल, ही वऱ्हाडातली आहे. शिवाय ते रोज सकाळी तिची पानं चहात टाकून पीत होते आणि त्यांचा घसा म्हणे वीस वर्षांत एवढा मोकळा झाला नव्हता. त्या चहाच्या वासानं नवरा आंघोळीला लवकर पळायला लागला, एवढा फायदा मलाही मान्य आहे. सासूबाई मात्र वाद घालत नसत. मी समजावून सांगितलं की त्या "बरं" म्हणायच्या आणि झाडाला आणखी एक तांब्या पाणी घालायच्या. मला त्या "बरं"चा फार राग यायचा. आमचे बॅक-बेंचवरचे विद्यार्थी अगदी असंच "बरं" म्हणतात.

लाडानं रानतुळस जी माजली ती विचारू नका. भादव्यात ती माझ्या खांद्याला लागली आणि नवरात्रात मामाजींच्या टोपीच्या वर गेली. कॉलनीतल्या बाया मुद्दाम बघायला येऊ लागल्या. मग तिला जांभळी-निळी, बारीक, दोन ओठांची फुलं आली. या फुलांची एक गंमत आहे. खालच्या ओठाच्या पन्हाळीत पुंकेसर दाबून ठेवलेले असतात; माशी येऊन बसली, धक्का लागला, की ते सटकन उसळतात आणि माशीच्या पोटावर परागकण फेकतात. मी भिंग घेऊन हे बघत बसले, तेव्हा एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, सून देवभोळी आहे. फुलांमागच्या पेल्यांना वाळल्यावर टोकदार काटे येतात. तुळशीची मंजिरी कधी कुणाच्या हाताला टोचली आहे का, असं मी विचारलं. मामाजी म्हणाले, एवढी मोठी झाली म्हणजे थोडा ताठा येणारच.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण पुढं तुळशीचं लग्न होतं. सासूबाईंना तिन्ही मुलगेच. मुलगी व्हावी म्हणून तिसरी खेप झाली आणि माझा नवरा आला; त्याबद्दल तो आजही थोडा ओशाळलेला दिसतो. ज्यांना मुलगी नाही त्यांनी तुळशीचं लग्न लावलं की कन्यादान घडतं, असं आपल्याकडे मानतात. बाकीचे लोक चिरमुरे आणि फटाक्यांसाठी जमतात, सासूबाई मात्र मुलीची आई म्हणून उभ्या राहतात. पाणी सोडताना दर वर्षी त्यांना हुंदका फुटतो आणि शब्द निघत नाही. वर्षातून तेवढ्या एका संध्याकाळी त्यांना लेक असते. ती संध्याकाळ मोडू नये म्हणून दिवाळीपासून मी गप्प बसले.

नवरदेवाची बाजू शेजारच्या काकूंची. त्यांच्या देवघरातला बाळकृष्ण पाटावर बसून वाजतगाजत आमच्या अंगणात येतो. आणि वरमाय म्हणून काकू दर वर्षी रुसतात. तो आमच्या कॉलनीचा रिवाजच झाला आहे. एकदा मांडवाचा ऊस वाकडा होता म्हणून रुसल्या, एकदा चहात साखर कमी म्हणून, एकदा बाळकृष्णाला खुर्ची दिली नाही म्हणून. मग मामाजींनी नारळ आणि ब्लाऊजपीस घेऊन हात जोडायचे, काकूंनी तोंड फिरवायचं, आणखी विनवायचं, शेवटी काकूंनी हसायचं. मंगलाष्टकांपेक्षा लोक या रुसव्याची जास्त वाट बघतात.

त्या संध्याकाळी काकू बाळकृष्णाला घेऊन वृंदावनाजवळ आल्या आणि नवरीला हिरवी साडी नेसवायला वाकल्या. त्यांनी नाक ओढून वास घेतला. बोटाला काटा टोचला. त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, ही तुळस नाही.

सगळं अंगण हसलं. यंदाचा रुसवा फारच भारी काढला, असं मागून कुणीतरी म्हणालं. काकूंनी पुन्हा तेच सांगितलं आणि लोक आणखी हसले. मामाजी नारळ घेऊन पुढं आले, हात जोडले. काकूंनी नारळ बाजूला सारला. ते ठरल्याप्रमाणे होतं म्हणून टाळ्या पडल्या. काकू जेवढ्या चिडत तेवढी त्यांच्या नाटकाला दाद मिळत होती. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी मजाक नाई करून राहिली," त्या ओरडल्या. "आमच्या बाळकृष्णाच्या गयात तुमी रानातलं गवत बांधून राहिले." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू शिकवतं ना कॉलेजात? तूच सांग सगळ्यायले."

आषाढापासून मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो आला तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. समोर सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, तुळशीच्याच गणगोतातली आहे, चुलतबहीण म्हणा. काकूंनी विचारलं, म्हणजे तुळस नाही ना. मी नाही म्हटलं. मामाजींचा हात नकळत गळ्याकडे गेला. आता कुणी हसत नव्हतं.

"मले मालूम हाय," सासूबाई म्हणाल्या. "जलमभर तुयशीचं पान तोडून राहिली मी. मले समजत नाई का?"

"मंग सांगतलं कावून नाई?" काकूंनी विचारलं.

"लेक पायजे होती मले. तिन्ही वक्ती पोट्टेच झाले. हे न मागता दारात आली. आता तिचा वास पाहून तिले काढून फेकू का?"

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी संतापही आला. माहीत होतं तर मामाजींना एवढे महिने तो चहा का पाजला? पण ते विचारायची वेळ नव्हती. काकू झाडाकडे खालून वरपर्यंत बघत राहिल्या, मुलगी बघायला आल्यासारख्या. मग त्यांनी मामाजींच्या हातातला नारळ आणि ब्लाऊजपीस घेतला आणि अंतरपाट धरा म्हणाल्या.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. सासूबाईंनी पाणी सोडलं. दर वर्षी त्या इथं रडतात आणि कुणीतरी त्यांना धरून बाजूला नेतं. या वेळी त्या जागेवरच थांबल्या. पदरानं तोंड पुसून त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले.

"इहीनबाई, थोडा वास हाय तिले," त्या म्हणाल्या. "अन् काटे बी हायेत. सांभायून घ्या."

काकूंनी पाटावरच्या बाळकृष्णाकडे एकदा बघितलं. "आमचा तरी कुठं गोरा हाय," त्या म्हणाल्या.