ऐंशीनंतर सत्त्याण्णव

एम.ए.ला आम्हाला एक प्रयोगशील कादंबरी नेमली होती. तिला ना शेंडा ना बुडखा. पान उलटलं तरी वाक्य संपायचं नाही, कोण बोलतंय तेही कळायचं नाही. कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा रडकुंडीला आले. वर्गात मात्र सगळे कळल्यासारखी मान डोलवायचे, म्हणून मीही डोलवायचे.

त्यातली म्हातारी मरते आणि पुढच्या पानांत खुशाल भाकरी थापत बसते. पानांचे आकडेसुद्धा ऐंशीवरून थेट सत्त्याण्णव, एकशे बारापर्यंत जाऊन परत एक्क्याऐंशी. मला वाटलं, हाच तो प्रयोग. सेमिनारसाठी मी त्या आकड्यांवर बारा पानं खरडली.

माझे वडील, अण्णा, चाकणच्या एका कंपनीत तपासणीला होते. लातूरहून आले तेव्हापासून हेच काम. प्रत्येक पार्ट हातात घेऊन फिरवून बघायचा, खोट दिसली की लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा. सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझं पुस्तक उचललं आणि तसंच फिरवून बघितलं.

"पोरी, हे पीस रिजेक्ट हाय," ते म्हणाले. "पानं मागंपुढं शिवल्यात. बदलून आण."

मला हसू आलं. "अण्णा, हे साहित्य आहे, तुमचा पार्ट नाही. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी पुस्तक जपून टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी माझी बारा पानं तावातावाने वाचली. शेजारच्या मुलीने आपली प्रत उघडून दाखवली. तिच्यात ऐंशीनंतर एक्क्याऐंशीच होतं. म्हातारी आधी भाकरी थापत होती आणि मग मरत होती, चारचौघींसारखी. वर्ग हसला. सर शांतपणे म्हणाले, बांधणी चुकलीय, दुकानातून बदलून घ्या.

घरी आले तर अण्णा पहिली शिफ्ट करून चहा पीत बसले होते. सर काय म्हणाले, म्हणून त्यांनी विचारलं. मला खरं सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, सरांना आवडलं, पानांच्या आकड्यांबद्दलचं तर फारच.

"मग म्याच चुकलो आसंल," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडावर माझं कौतुक होतं. पुढे कंपनीच्या बसमध्येही ते सांगत सुटले, की माझी पोरगी वाचते ती पुस्तकं आपल्या तपासणीत बसत नाहीत. माझ्या पुस्तकांना मात्र त्यांनी परत हात लावला नाही.

कधीतरी सांगू, असं मी म्हणत राहिले. गेल्या वर्षी ते हार्टने गेले. भेटायला आलेले कंपनीतले लोक म्हणाले, अण्णांनी पास केलेला माल कधी परत आला नाही, आणि चांगला पीस त्यांनी कधी बाजूला काढला नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. आयुष्यात एकच पीस आपण चुकीचा रिजेक्ट केला, असं समजून अण्णा गेले.