समुद्रतळाचं गाऱ्हाणं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो, इतका माझा त्यांच्यावर विश्वास! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

मी लालबागला चाळीत राहतो, लोअर परळच्या एका डेटा ऑफिसात काम करतो. एका कंपनीनं खोल समुद्राच्या तळावरचे धातूचे गोटे गोळा करायला मशीन उतरवून चाचणी घेतली. तिथल्या माइकचं रेकॉर्डिंग तपासून जीवांवर काय परिणाम झाला ते सांगायचं, हे माझं काम. चाचणीआधीच्या फाइलींत टिकटिक, गुरगुर, कसले कसले आवाज होते. नंतरच्या फाइलींत — काहीच नाही. पुढे मोठं खोदकाम करायचं की नाही, ते आमच्या अहवालावर ठरणार होतं.

रविवारी दुपारी घरी ती शांत फाइल ऐकत होतो. बाबांनी गमतीनं हेडफोन मागितला. त्यांचे कान गिरणीत, मागांच्या खडखडाटात गेलेत. आम्ही त्यांच्याशी गिरणीतल्याच हातवाऱ्यांनी बोलतो. म्हटलं, घ्या — फाइल मुकी, तुम्ही बहिरे, जमेल तुमचं!

थोड्या वेळानं बाबांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

कोकणात देवापुढे एकजण गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागणीला बाकीचे असं म्हणतात. मी हसलो. बाबा पुन्हा म्हणाले. पुन्हा... मी गुपचूप चाचणीआधीची फाइल लावली — बाबा गप्प. कोरी फाइल लावली — गप्प. ती शांत फाइल परत लावली, तर बरोबर त्याच त्याच जागी, "व्हय म्हाराजा!"

खुणेनं विचारलं, काय मागतायत?

"आमका हयसून उठवू नको म्हणतत. आणखी काय मागतले?"

अहवालात मी स्पष्ट लिहिलं की चाचणीनंतर तिथे जीवांचा आवाज उरलेला नाही. बाबांचं अर्थातच नाही लिहिलं, नोकरी हवीय. साहेब म्हणाले, "अरे, खोल समुद्र शांतच असतो. नॉर्मल आहे ते."

"मग आधीच्या फाइली, सर?"

"तेव्हा माइकमध्ये लोचा असेल रे."

वाक्य बदललं गेलं. परवानगी मिळाली, मशीनं उतरली. मी रागावलो, भांडलो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

मध्यंतरी तिथली नवी फाइल आली. बाबांना हेडफोन लावला. ते हात जोडून बसले. फाइल संपली तरी बसूनच होते. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"कोण नाय रे थंय आता."

दोन्ही शांत फाइली मी स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून पाहिल्यात. रेषा सारख्याच, सपाट. मग बाबांना फरक कसा कळला? मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा.

बाबा अजूनही रविवारी हेडफोन मागतात. मी जुनी फाइल लावतो. ते "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि हल्ली त्यांच्याबरोबर मीही म्हणतो. गाऱ्हाणं घालणारे तर केव्हाच गेले.