वहिनीची जाळी

माझी वहिनी घरी पडदे शिवते. एकदा एक गाभण मांजरी तिच्या शिवणाच्या खोलीत येऊन अस्तराच्या कापडावर ठाण मांडून बसली. वहिनीनं तिला हाकललं नाही. हिरड्या सुजलेल्या दिसल्या म्हणून दवाखान्यात नेली, तर रक्तात मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू निघाला. माणसांना तो लागत नाही, पण पोटातल्या पिल्लांपर्यंत कधीकधी पोचतो.

तीन पिल्लं झाली. डॉक्टरीणबाई "थांबा" म्हणत होत्या, पण वहिनीला धीर निघेना. पिल्लांचं दूध सुटताच तिनं तिघांचीही तपासणी करवून घेतली. तिन्ही बाधित! दोन पिल्लं न्यायला तयार असलेली शेजारीण लगेच मागे सरली.

"कायमच्या झोपेचं इंजेक्शन दे आणि मोकळी हो," दादा म्हणाला.

"तुमच्या दम्यावर सुचवलं होतं का कुणी ते इंजेक्शन?"



मी वहिनीबरोबर पुन्हा दवाखान्यात गेलो. "ही तपासणी विषाणू नाही, अँटिबॉडी शोधते," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "त्या आईच्या दुधातूनही पिल्लांत येतात. पिल्लं सहा महिन्यांची झाली की खरं काय ते कळेल. म्हणून थांबा म्हणत होते."

"चुकलं माझं," वहिनी म्हणाली. "आता थांबते. तोवर कुणी हात तर लावून बघा त्यांना!"

घरी येताच तिनं पडद्याचं जाळीदार कापड दुहेरी शिवून खोलीच्या दाराला ठोकलं. गिऱ्हाइकं बाहेर उभी राहूनच मापं सांगू लागली.

"कैद्यांना भेटायची वेळ कोणती?" दादा रोज विचारायचा.

"तुमच्यासाठी कुठलीच नाही. भाऊजी, यांचा चहा जाळीबाहेर ठेवा."

पिल्लं सहा महिन्यांची झाल्यावर केलेल्या तपासणीत दोन निर्दोष निघाली. पांढऱ्या कानाची तिसरी मात्र बाधितच. तिला विषाणू आईकडूनच आला होता.

"घराबाहेर सोडू नका, भांडू देऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नीट जपलीत तर बरीच वर्षं जगेल."

"जगेलच," वहिनी म्हणाली.

शेजारीण दोघांना घेऊन गेली. त्याच दुपारी वहिनीनं दाराची जाळी उतरवली आणि सरळ मशीनखाली घेतली.

"भाऊजी, स्टूल धरा. गॅलरीला लावायचीय. या मायलेकींना ऊन नको का?"

दादा कुरकुरत हातोडी घेऊन आला. जाळी त्यानं ओढून पाहिली.

"कड आणखी एकदा शीव," तो म्हणाला. "ही धाकटी फार चपळ आहे."