परसों म्हणजे परवा नव्हे

रुचा एका शब्दामुळे मेली.

आज वर्ष झालं.

पुण्याची आर्किटेक्ट. कॉलेजात माझी सीनियर. मी थर्ड इयरला कॉलेज सोडलं, तरी साइटवर हक्काने बोलवायची.

इथे हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या एका मरगळलेल्या गल्लीचं काम तिच्याकडे होतं. गाड्या बंद, फक्त चालणारी माणसं. जुन्या घरांत खाली रेस्टॉरंट्स, वरचे दगडी सज्जे तसेच ठेवायचे.
"लोकांना सावलीत बसू दे, गल्ली आपोआप जिवंत होते," म्हणायची.

एकदा तिथेच चहा पिताना वरून कपात माती पडली.

मी भडकलो. "हे पडेल कुणाच्या तरी डोक्यात!"

"ए भांडकुदळ, तुझं कॉलेज सुटलं, आता मलाही साइट सोडायला लावतोस का? परवाच चेक झालंय. कॉन्ट्रॅक्टरला विचारलंय मी."

परवाच म्हटल्यावर मी तो चहा ओतून दुसरा मागवला.

प्रेमाचं तिला आधीच सांगून टाकलं होतं.
"गल्ली उघडू दे, मग उत्तर देते." हसली होती.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, ती खाली टेबलांच्या जागा खडूने आखत होती.
वरचा सज्जा तिच्या अंगावर आला.

मी कॉन्ट्रॅक्टरची कॉलर धरली.

"झूट नै बोला भई! परसों चेक कराए बोला मैं."
"कौनसे परसों?"
"अरे, वो पुराने किराएदार थे ना, तब."

हैदराबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. पोरं शाळेत जायला लागली तरी आईबापांचं लग्न 'परसोंइच' झालेलं असतं. मी इथला, मला माहीत. तिने परसों ऐकलं आणि मला मराठीत परवा सांगितलं.

आज संध्याकाळी ती गल्ली उघडतेय.

उरलेल्या सज्ज्यांना पिवळा रंग दिलाय. भेगांवरूनच. लाइटच्या माळा सोडल्यात. खाली तिच्या नावाचं बाक.

त्या घरांच्या मालककाकांना विचारलं, इंजिनिअरने पाहिलं का?

"उद्घाटनाच्या तोंडावर अभद्र बोलू नये रे बाळा."

काल शिडी लावून एका भेगेवरच्या रंगावर बोट दाबलं.
बोट आत गेलं.

मित्रांनो, आज तिथे जेवायला जाऊ नका. फुकट असलं तरी.

मी जातोय. ते बाक ओढून गल्लीच्या मधोमध आणणार. सज्ज्याखाली कुणाला बसू देणार नाही. पोलिसांना बोलवायचं तर खुशाल बोलवा.

रुचा, तुला मनापासून शेवटचा नमस्कार.